गोव्याच्या भूमीवरून होलोसीन काळ कसा समजून घ्यावा

आपण सध्या ज्या भूशास्त्रीय काळात राहतो त्याला होलोसीन म्हणतात. शालेय पुस्तकात त्याची ओळख बहुधा एका परिच्छेदात आटोपलेली असते: हिमयुग संपले, हवामान उबदार झाले, माणूस शेती करू लागला, नगरे वसली. यात चुकीचे काहीच नाही. परंतु एवढ्याने विद्यार्थ्याच्या हाती फारसे लागत नाही, कारण हा सगळा प्रकार कुठेतरी नाईलच्या किंवा युफ्रेटिसच्या काठी घडला असे त्याला वाटत राहते. गोव्यात राहणाऱ्या माणसाला या बाबतीत एक मोठी सोय आहे. चढत आलेला आणि मग स्थिरावलेला समुद्र ही होलोसीनमधील सर्वांत निर्णायक घटनांपैकी एक आहे आणि तिचे परिणाम त्याच्या दारातच आहेत. म्हणून शिक्षकांनी, पालकांनी आणि स्वतःहून अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी या काळाची सुरुवात राजघराण्यांपासून न करता समुद्राच्या पातळीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे कसे करता येईल ते पुढे सांगितले आहे.

आधी काळाचे माप

बाजारात मिळणारी सुंभाची बारा मीटर दोरी घ्यावी आणि एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष असे प्रमाण धरावे. दोरीचे एक टोक म्हणजे इ.स. २०००. तिथून मागे ११.७ मीटरवर पहिली गाठ मारावी. ती होलोसीनची सुरुवात. हे टोक २०००चेच का घ्यायचे, याला कारण आहे. होलोसीनची अधिकृत सीमा ग्रीनलँडमधील 'नॉर्थग्रिप' या हिमगाभ्यात (हिमथरात खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडात) १,४९२.४५ मीटर खोलीवर निश्चित केलेली असून तिचे वय इ.स. २०००पासून मागे ११,७०० वर्षे असे मोजले आहे. बर्फात दरवर्षी साचलेले थर मोजत मोजत शास्त्रज्ञ तिथपर्यंत पोहोचले. या सीमेला २००८ साली मान्यता मिळाली.

दुसरी गाठ ८.२३६ मीटरवर आणि तिसरी ४.२५ मीटरवर येईल. होलोसीनचे २०१८ साली तीन भाग करण्यात आले: ग्रीनलँडियन, नॉर्थग्रिपियन आणि मेघालयन. उत्तर अमेरिकेतील वितळत्या हिमचादरीमागे साठलेल्या महाप्रचंड सरोवराचे गोडे पाणी अटलांटिकमध्ये ओतले गेले आणि काही काळ थंडी परतली, ती दुसऱ्या गाठीजवळची घटना. तिसरी गाठ मात्र आपल्या देशातील आहे. मेघालयात चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेतील चुनखडीच्या निक्षेपात पर्जन्यमान घटल्याची जी खूण सापडली तिच्यावरून मेघालयन हा कालविभाग ठरला. आज आपण अधिकृतपणे याच मेघालयन विभागात आहोत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

आता मानवी घडामोडींच्या गाठी माराव्यात, पण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. तुर्कस्तानातील गोबेकली टेपे येथील कोरीव दगडी खांब साधारण साडेअकरा मीटरवर येतात. बलुचिस्तानातील मेहरगढची शेतीवस्ती नऊ मीटरच्या आसपास. मेसोपोटेमियातील लेखनाची सुरुवात सव्वापाच मीटरवर. सिंधू संस्कृतीचा भरभराटीचा काळ ४.६ ते ३.९ मीटरपर्यंत, पुणे जिल्ह्यातील इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती त्याच्याही बऱ्याच अलीकडे. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली ती गाठ टोकापासून जेमतेम ४९ सेंटिमीटरवर पडते आणि १९६१ची मुक्ती चार सेंटिमीटरच्याही आत. २०००नंतरच्या वर्षांसाठी टोकाला अडीच सेंटिमीटरचे शेपूट जोडावे. वर्गात हे केले की मुले आपसूक विचारतात, की मग डायनोसॉर कुठे? त्यांना सांगावे, की याच प्रमाणात डायनोसॉरांचा शेवट ६६ किलोमीटरवर येतो आणि अनमोड घाटातील तीन अब्ज वर्षांहून जुना नाइस खडक तीन हजार किलोमीटरपेक्षा दूर. होलोसीन किती छोटा आहे हे कळायला एवढे पुरते.

तारखा वाचताना घ्यायची काळजी

इथे बरेच वाचक घसरतात, म्हणून थोडे थांबावे. इतिहासाच्या पुस्तकात 'इ.स.पू. ७०००' असे लिहिलेले असते, पुरातत्त्वाच्या अहवालात 'आजपूर्वी ९,०००' असे असते आणि वर सांगितल्याप्रमाणे हिमगाभ्याचे वय इ.स. २०००पासून मोजलेले असते. कार्बन पद्धतीतील 'आजपूर्वी' म्हणजे वाचतो त्या दिवसापूर्वी नव्हे, तर १९५०पूर्वी. म्हणूनच होलोसीनची सुरुवात कुठे ११,७०० तर कुठे ११,६५० अशी दिलेली दिसते आणि दोन्ही आकडे बरोबर असतात. याहून मोठा फरक पडतो तो दुरुस्त न केलेल्या कार्बन-तारखांमुळे. वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण सर्व काळ सारखे नसल्यामुळे प्रयोगशाळेतील कच्चे वर्ष आणि पंचांगातील वर्ष जुळत नाही. होलोसीनच्या आरंभीच्या नमुन्यांत ही तफावत हजार वर्षांहून अधिक भरते. अहवालात तारीख 'अंशांकित' आहे की नाही, हे आधी पाहावे.

किनाऱ्यावरच्या अभ्यासकाने आणखी एक पथ्य पाळावे. शिंपले आणि शंख समुद्राच्या पाण्यातील जुना कार्बन घेतात, त्यामुळे त्यांचे कच्चे वय साधारण चारशे वर्षांनी जास्त येते. शेताच्या चिखलात सापडलेल्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या कवचावरून एखाद्या गावाचे वय छातीठोकपणे सांगणाऱ्यांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

समुद्रापासून सुरुवात

शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी, जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. होलोसीन सुरू झाला तेव्हाही ती साठेक मीटर खालीच होती. पुढच्या चार-पाच हजार वर्षांत हे बहुतेक अंतर भरून निघाले आणि सहा ते सात हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीच्या आसपास येऊन थांबले. सरासरी काढली तर वर्षाला सव्वा सेंटिमीटर इतकी ही चढ पडते. आजची जागतिक चढ वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास आहे.

हे आकडे पाठ करण्याऐवजी गोव्यासमोरच्या समुद्राचा खोली दाखवणारा नकाशा समोर ठेवावा आणि साठ मीटर खोलीची रेषा रंगीत पेन्सिलीने गिरवावी. होलोसीनच्या पहिल्या दिवशीचा गोव्याचा किनारा ढोबळ मानाने तिथे होता. मुरगावसमोरचे ग्रांदे बेट आणि काणकोणजवळचे अंजदीव तेव्हा बेटे नव्हती. सपाट माळावर उभ्या असलेल्या टेकड्या होत्या. मांडवी आणि जुवारी यांना आज जिथे मुख आहे तिथे मुख नव्हतेच, कारण त्या नद्या दूर पश्चिमेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळत होत्या. मिरामार किंवा कोलव्याचा वाळूचा पट्टा, ज्याला पर्यटक गोव्याची सनातन ओळख समजतात, तो या हिशेबात कालचे पोर आहे.

नकाशा झाल्यावर दोनापावलाच्या किंवा काबोच्या उंचवट्यावरून जुवारीच्या मुखाकडे पाहावे. एवढे रुंद पात्र नदीने स्वतः कोरलेले नाही. समुद्र खाली असताना नदीने खोल दरी कापली आणि मग वर चढलेल्या समुद्राने ती दरी भरली. भूशास्त्रात याला बुडीत दरी म्हणतात. याचा पडताळा नदीच्या वरच्या अंगाला घेता येतो. मांडवीत भरतीचा प्रभाव सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो आणि जुवारीत तो सांग्यापर्यंत पोहोचतो. भरतीचे वेळापत्रक पाहून अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवशी कुंभारजुव्याच्या फेरीधक्क्यावर किंवा दिवाडीच्या काठी दोन-तीन तास थांबावे. खुंटावर पाण्याची पातळी खडूने नोंदवीत गेल्यास पाणी कसे चढते-उतरते ते डोळ्यांना दिसते, आणि समुद्र आजही रोज दोनदा आपल्या घरापर्यंत कसा येतो हेही कळते.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवल्याची कथा आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते आणि या टप्प्यावर कोणी ना कोणी ती काढतोच. कथेचा मान कथेला असावा. मात्र होलोसीनमधील मोठी हालचाल समुद्र आत येण्याची होती. तो स्थिरावल्यानंतर गाळ साचून आणि माणसाने बांध घालून काही जमीन परत मिळवली, ही पुढची गोष्ट आहे.

पाणी थांबण्याचा आणि संस्कृती उभी राहण्याचा संबंध इथेच समजावून द्यावा. पातळी सतत चढत असताना नदीच्या मुखाशी गाळ टिकत नाही. जगातील बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश साधारण ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वी आकार घेऊ लागले, आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील किंवा दक्षिण मेसोपोटेमियातील दाट वस्ती त्यानंतरची आहे. शेती त्याआधीच, डोंगरपायथ्याच्या कोरड्या भागांत सुरू झाली होती. पण धान्याचे कोठार भरून उरेल, कारागीर आणि लेखनिक पोसता येतील, अशी सपाट सुपीक जमीन समुद्र थांबल्यावर मिळाली. समुद्र हे एकमेव कारण नव्हते. हिमयुगातील हवामान काही दशकांतच उलटेपालटे होई, त्या मानाने होलोसीनचे हवामान बरेच स्थिर राहिले आणि पेरलेले उगवेल हा भरवसा त्यातून आला.

सड्यावरून खाजनापर्यंत

संपूर्ण मार्गदर्शिकेतून एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. तिसवाडीतील नेवरा-मंडूर परिसरासारखे नदीकाठचे कोणतेही गाव निवडावे आणि सड्यावरून, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या कातळी सपाटीवरून, निघून नदीपर्यंत सरळ उतरत जावे. उतरताना प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: खडक किती जुना, हा उतार किंवा सपाटी केव्हा घडली, आणि माणसाने इथे हात केव्हा लावला? तिन्हींची उत्तरे बहुतेकदा निरनिराळी येतात. ती एकमेकांत मिसळली की अभ्यास बिघडतो.

सड्यावरचा जांभा, म्हणजे ज्याचे चिरे कापून आपण घरे बांधली तो दगड, होलोसीनपेक्षा कितीतरी जुना आहे. खाली उतरताना झरे लागतात, त्यांच्या आधाराने कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) उभी असतात आणि त्याच उंचीवर घरे आणि देवळे दिसतात. जुने गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे, सपाटीवर नाही. कारण सपाटी पाण्याची होती. त्याखाली मोरड (उंचावरची) आणि खेर (मधली, रेताड) शेतजमीन, आणि अगदी शेवटी, भरतीच्या पातळीखाली, खाजन. या खाजनाचा चिखल मात्र होलोसीनचाच आहे. बुडालेल्या दरीत गाळ साठला, त्यावर खारफुटी वाढली आणि मग माणसाने बांध घालून ती जमीन शेतीखाली आणली. भोज आणि कोकणचे मौर्य या राजघराण्यांच्या काळातील ताम्रपटांत खज्जन जमिनीचा उल्लेख येतो, त्यामुळे दीड हजार वर्षांपूर्वी ही पद्धत इथे रुळलेली होती एवढे निश्चित म्हणता येते. तीन-चार हजार वर्षांचे आकडे सर्रास छापले जातात. त्यांना तितका भक्कम लेखी आधार नाही.

खाजनात पोहोचल्यावर बांधावरून चालत मानशीपर्यंत जावे आणि ओहोटी लागण्याच्या सुमारास तिथे असावे. मानस म्हणजे बांधातील दार. त्याच्या लाकडी फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीत आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. लाकूड बहुधा माटाचे (ऐनाचे), कारण खाऱ्या पाण्यात ते टिकते. फळी मिटताना कडेने पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडतात, मग फुगलेले लाकूड चौकटीला घट्ट बसते आणि गळती जवळजवळ थांबते. दार उघडले की पोंयीतले, म्हणजे बांधाआतल्या तळ्यातले, पाणी खळाळत बाहेर पडते आणि लावलेल्या जाळ्यात कोळंबी आणि मासळी अडकते. पावसाने मातीतला क्षार धुऊन गेला की सरदाचे (पावसाळी) पीक म्हणून कोरगुटासारखे खारट जमिनीत तग धरणारे भात पेरतात.

या व्यवस्थेत यंत्र एकही नाही, पण माणसांची घडी पक्की लागते. बांध एका ठिकाणी फुटला तर सगळ्यांचे शेत खारे होते, म्हणून दुरुस्ती कोणी करायची, मानशीचा लिलाव कसा करायचा, उत्पन्न कसे वाटायचे, याचे नियम गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, घालून दिले. संस्कृतीचा उदय म्हणजे नेमके काय, हे शिकवायला सुमेरच्या कालव्यांची उदाहरणे देतात. मानशीपाशी उभे राहून तेच अधिक सोपे जाते: पाण्याचे नियोजन आले की हिशेब आला, हिशेब आला की नोंद आली, आणि तंटा सोडवणारी संस्थाही आली. फरक इतकाच, की सुमेरमध्ये त्यातून राजसत्ता उभी राहिली आणि इथे बराच काळ कारभार गावाच्या हाती राहिला. अंदाजे अठरा हजार हेक्टर खाजन गोव्यात आहे; पुष्कळ ठिकाणी बांध नादुरुस्त होऊन खारफुटी परत शिरली आहे, तेही पाहून ठेवावे.

कुशावतीच्या काठचे कोरीव काम

रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठी पणसायमळ, म्हणजे उसगाळीमळ, येथे जांभ्याच्या आडव्या कातळावर बैल, हरणे, मानवी आकृती आणि एकात एक गुंफलेल्या वर्तुळांचे चक्रव्यूहासारखे चित्र कोरलेले आहे. हे स्थळ १९९०च्या दशकात अभ्यासकांसमोर आले. स्थानिकांना ते आधीपासून माहीत होते. सत्तरीत म्हाऊस येथेही नदीपात्रातील खडकावर वशिंडाच्या बैलांची चित्रे आहेत.

पावसाळ्यात कुशावतीचे पाणी कातळावर चढते, म्हणून पाणी ओसरल्यावर जावे. वेळ सकाळची किंवा कलत्या उन्हाची निवडावी, कारण डोक्यावरच्या उन्हात उथळ रेषा दिसतच नाहीत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यावर खडू फासणे किंवा पाणी ओतून घासणे कटाक्षाने टाळावे. चित्र वहीत काढताना प्राण्याला वशिंड आहे का, शिंगे किती वळलेली आहेत, एक आकृती दुसरीवर चढलेली आहे का, हे टिपावे. चढलेली आकृती नंतरची, एवढा एक निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेविना काढता येतो.

वयाबाबत मात्र सावध राहावे. इथे खडक अतिप्राचीन आणि रेघ अर्वाचीन आहे, आणि कोरलेल्या रेघेत कार्बन नसल्यामुळे तिचे थेट वय काढणे कठीण असते. शैली, विषय आणि आसपास मिळालेली हत्यारे यांवरून अंदाज बांधला जातो आणि तो मध्याश्मयुगापासून लोहयुगापर्यंत ताणता येतो. पर्यटनाच्या पत्रकांत वीस हजार वर्षांचा आकडा बिनदिक्कत येतो. तो खरा मानला तर ही चित्रे होलोसीनच्या आधीची, हिमयुगातली ठरतील. इतका मोठा दावा इतक्या कमी पुराव्यावर मी तरी वर्गात मांडणार नाही.

नगरे, आणि माणसाचा थर

नगरांसाठी फार वेळ लागत नाही. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर कुशावतीच्या काठी. कदंबांची पुढची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या काठी. त्यानंतरचे जुने गोवे मांडवीवर. आणि १८४३पासून अधिकृतपणे पणजी, मुखाशी. नकाशावर या चारही जागा जोडल्या तर राजधान्या भरतीच्या पाण्याला धरूनच हलल्या, हे लक्षात येते. पणजी-रायबंदर रस्त्यावरून जाताना १६३३-३४ साली बांधलेला लांबलचक पोर्तुगीज सेतुमार्ग मिठागरांतून आणि खारफुटीतून कसा काढला आहे, तेही पाहावे.

शेवटचा प्रश्न आजच्या काळाचा. माणसाने पृथ्वीवर इतकी उलथापालथ केली आहे की होलोसीन संपून अँथ्रोपोसीन सुरू झाला असे मानावे, असा प्रस्ताव होता आणि त्याची सुरुवात १९५०च्या दशकातील अणुचाचण्यांच्या किरणोत्सारी खुणेपासून धरायची होती. मार्च २०२४मध्ये संबंधित भूशास्त्रीय उपआयोगाने तो फेटाळला. विद्यार्थ्यांना हे सांगताना फेटाळले काय आणि फेटाळले नाही काय, यातील भेद नीट करावा. भूशास्त्रीय कालकोष्टकात नवा कालखंड घालण्यास नकार मिळाला. माणसाचा परिणाम कोणी नाकारला नाही. होलोसीनच्या बहुतेक काळात हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २६० ते २८० भाग होता, आज तो ४२०च्या वर आहे. गोव्यात या विषयाला धरून पाहण्याजोगी जागा म्हणजे डिचोली आणि सांगे भागातील खाणींच्या मातीचे डोंगर. लोखंडाचे खनिज काढताना वरची माती बाजूला रचली गेली, पावसात ती नद्यांत उतरली आणि खाली खाजनांच्या चिखलावर तांबडा थर देऊन गेली. २०१२ साली खाणकाम काही काळ थांबले तरी थर राहिला.

या भेटी एकाच हंगामात उरकण्याचा हट्ट धरू नये. नकाशाचे आणि दोरीचे काम पावसाळ्यात घरात बसून करावे. खाजन पेरणीच्या दिवसांत एकदा आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळल्यावर एकदा पाहावे. कुशावतीकाठची चित्रे डिसेंबर ते एप्रिल या दरम्यान पाहावीत. बांधावर जाण्यापूर्वी शेतकऱ्यांना आणि मानशीचा लिलाव घेतलेल्या माणसाला विचारावे. जाळे लावण्याची वेळ त्यांच्याकडूनच अचूक कळते आणि बांध कुठे पोकळ झाला आहे, पाय कुठे ठेवू नये, हेही तेच सांगतात.